निरोपाचं भाषण

सेरिया या आमच्या गावातून तेल कंपनीचा कोणी परदेशी माणूस कायमचा निघाला, की आमच्या क्लबात चहा आणि तळलेली केळी होतात, आणि गावात सगळ्यात जुना असलेला परदेशी निरोपाचं भाषण करतो. गेली एकवीस वर्षं तो मान वाउटरसाहेबांचा. शेवट ठरलेला: "नशीबवान आहात, घरी चाललात!" त्यांची बायको इथे कंटाळून कायमची मायदेशी गेली, तेव्हाही भाषण त्यांनीच केलं, आणि शेवट हाच केला.

काल साहेब स्वतः निवृत्त होऊन निघाले. क्लबात मी, म्हणजे इथला आचारी जुमात, आणि गेल्या महिन्यात आलेले चार नवे इंजिनियर.

"नियम म्हणजे नियम," त्यांतली एक पोरगी हसत म्हणाली. "सगळ्यात जुने तुम्हीच ना? मग बोला!"

साहेब उठले. माकडाने पळवलेल्या चष्म्याचा किस्सा असा रंगवला, की पोरं खो खो हसली. शेवटच्या वाक्यापाशी मात्र अडले. मला वाटलं, विसरले. मी मागून हळूच आठवण करून दिली, "साहेब, घरी चाललात..."

 

"ते पाठ आहे रे," साहेब म्हणाले. "घर कुठे, तेवढं सांग."