सावध माणसं

पार्सलचा पत्ता दुरुस्त करा, अशी लिंक आली. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या, अक्कल गहाण ठेवून मी ती दाबली आणि माझं अकाउंट एका भामट्याच्या हाती गेलं. त्याने माझ्या नावाने सगळ्या गोतावळ्याला मेसेज धाडला : 'हॉस्पिटलात आहे. जवळ कुणी नाही. थोडे पैसे पाठव.'

ब्लाउजची कामं तशीच टाकून मी पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं, नव्या लॉगिनला ओटीपी लावला. मग एकेकाला फोन करत सुटले. कुणीच फसलं नव्हतं. जीव भांड्यात पडला.

शेवटचा फोन धाकट्या भावाला. आई गेल्यावर त्याला लहानाचा मोठा मीच केला.

"त्या मेसेजवर काही पाठवलं नाहीस ना रे?"

"छे. वाचला आणि सोडून दिला."

"शहाणा माझा. पण ती मी नाही, हे ओळखलंस कसं?"





"म्हणजे ताई, ती तू नव्हतीस?"