ऐकणारी पट्टी

"मी अगदी बरा आहे," असं वासूनं आईला फोनवर सांगितलं आणि त्याच्या मानेवरची पट्टी थरथरली. औषध आणखी घटलं होतं.

कारखान्यात मणका दबल्यापासून सात वर्षं ही पट्टी त्याच्या अंगात अफूचं औषध सोडत होती. माणूस दिवसभर काय बोलतो ते ऐकून ती मात्रा ठरवायची. गुहागरला एकट्या राहणाऱ्या आईला घोर नको, म्हणून वासू रोज 'बरा' असायचा.

"छान सुधारणा आहे," पट्टीची नोंद बघून दवाखान्यातली नर्स म्हणाली. "सोमवारपासून औषध बंद."

"ताई, ते मी आईच्या समाधानासाठी बोलतो हो."

"औषध सुटायला आलं, की सगळ्यांनाच आई आठवते, भाऊ."

रविवारी चादर घामानं भिजली, हातपाय कापू लागले. कंबर दुखतेय की औषध कमी पडून अंग मोडतंय, हे त्याचं त्यालाच कळेना. तेवढ्यात आईचा फोन आला आणि त्याचा धीर सुटला.

"आई, दुखतंय गं. फार दुखतंय. सोसवत नाही."

पलीकडे आईच्या हातातलं भांडं खणकन पडलं. मग आई हसली.

"मेल्या, केवढी घाबरले मी! पट्टीला ऐकवतोयस होय? आमच्या वाडीतही सगळ्या म्हाताऱ्या जास्त औषधासाठी ओटीवर बसून असंच कण्हतात."

"आई, खरंच दुखतंय..."

"हां, अस्संच! पण जरा जोरात. माझ्या गुडघ्याच्या पट्टीला हळू कण्हलेलं पुरतच नाही."

वासू किंचाळला.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" आई म्हणाली.