दुसऱ्याचं पिल्लू

टिटवी किंचाळत दूधवाल्याच्या डोक्यावर झेपावली. त्याने हेल्मेट न काढताच पिशवी फाटकाला अडकवली आणि पळ काढला. गच्चीवर मूगवड्या घालणारी सुहासिनी खुदकन हसली. मनीषनगरातल्या तिच्या घराला लागून असलेल्या रिकाम्या प्लॉटवर टिटव्यांच्या जोडप्याने पिल्लं काढली होती. टिटवी ओरडणं वाईट, असं शेजारणी म्हणत. सुहासिनीला मात्र तिचं भारी कौतुक. आई असावी तर अशी, पिल्लांच्या जागेत कुणाला पाऊल टाकू देत नाही!

तिचं स्वतःचंही तेच चाललं होतं. मुलाचं, अनिशचं, बारावीचं वर्ष, घर दोन खोल्यांचं. हिवाळ्यात धाकटी बहीण गेली, तेव्हापासून तिची लेक खुशी इथेच होती. पोरीचा काडीचा त्रास नव्हता, कोपऱ्यात दबून बसायची. पण अनिशचं टेबल आल्यापासून तिची गादी टाकायला जागा उरली नव्हती. रविवारी तिला काटोलला काकाकडे पोचवायचं ठरलं होतं. काका आढेवेढे घेतच तयार झाला होता. खुशीला हे सांगायला सुहासिनीची जीभ रेटत नव्हती.

पडक्या भिंतीपलीकडे टिटव्यांचं दुसरं जोडपं होतं. या दोन घरांची हद्दीवरून रोजची भांडणं. आज पलीकडचं एक पिल्लू भगदाडातून अलीकडे आलं. टिटवी धावून गेली आणि त्याला चोचीने टोचायला लागली. पिल्लू पळालं नाही. मातीला चिकटून दबून बसलं.

"मावशी, टिटवी त्याले काहून मारून राहिली वं?" वड्यांची परात धरून उभ्या असलेल्या खुशीने विचारलं. "लहानसं तं आहे ते."

"दुसऱ्याचं पिल्लू आहे ना ते, बाई. त्याला कशाला जागा देईल ती?"

खुशीने मान डोलावली. तिला ते पटलं होतं.

"मी माहे कपडे भरून ठेवले, मावशी. तू काकाले फोन केला, तवा ऐकलं मी. रविवारी तुले घाई नको व्हायला."

सुहासिनीचा हात वडीवरच थांबला. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. खाली पिल्लू अजून मुकाट्याने मार खात होतं. तिने उरलेलं पीठ पातेल्यात ओतलं, रिकामी परात दोघींच्या डोक्यावर धरली आणि खुशीला जवळ ओढलं.

"चाल, आधी त्याला सोडवू. मग अनिशचं टेबल सरकवायला हात लाव."