काकांना सॉरी म्हण

“स-स-सातवा!” चिंगी म्हणाली आणि दप्तरासकट लिफ्टमध्ये शिरली.

“स-सातवाच,” लिफ्टमन म्हणाला. त्याचं एकदा अडलं, तिचं दोनदा. आपण जिंकलो म्हणून ती खुदकन हसली.

हा दोघांचा रोजचा खेळ. इमारतीतली बाकीची माणसं घाईची. लिफ्टमनचा शब्द अडला की तो त्याच्या तोंडातून ओढून काढायची आणि मोकळी व्हायची. सात वर्षांची चिंगी तेवढी थांबायची, शब्द पुरा होऊ द्यायची आणि मग त्याच्याच बोलीत उत्तर द्यायची. आपलीही एक बोली आहे आणि ती बोलणारं दुसरं माणूस आहे, याचं पन्नाशी उलटलेल्या लिफ्टमनला भारी अप्रूप होतं.

तो जाळीचा दरवाजा ओढणार, एवढ्यात बाहेरून एक हात आत आला. चिंगीचे बाबा. गाडी लावून ते तिच्या मागोमागच आले होते. त्यांच्या मागून पाचव्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी सावरत आत शिरल्या.

लिफ्ट निघाली. दुसरा मजला गेला.

“आत्ता काय म्हणालीस?” बाबांनी विचारलं.

“सातवा.”

“तसं नाही. कशी म्हणालीस?”

चिंगीनं लिफ्टमनकडे पाहिलं.

“कुणाची नक्कल करत होतीस?”

“नक्कल नाही, बाबा. आम्ही दोघं असंच बोलतो.”

“आम्ही दोघं? ते तुझ्या बरोबरीचे आहेत?”

“हल्लीच्या मुलांना धरबंध म्हणून राहिला नाही,” बाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या.

“सा-सा-साहेब, ती...”

“तुम्ही राहू द्या, काका,” बाबा मऊ आवाजात म्हणाले. “तुम्हाला कशाला बोलायचा त्रास?”

माणूस भला होता. अख्ख्या इमारतीत लिफ्टमनला ‘अहो’ म्हणणारा तो एकटाच. मागे ताप आला होता तेव्हा औषधाची पुडी स्वतः आणून दिली होती त्यानं. म्हणूनच की काय, त्याच्यापुढे लिफ्टमनची जीभ आणखी जड व्हायची.

पाचवा मजला आला. जाळी उघडली. बाई उतरल्या नाहीत. एक पाय बाहेर टाकून त्या दरवाजा धरून उभ्या राहिल्या.

“काकांना सॉरी म्हण,” बाबा चिंगीला म्हणाले.

“पण बाबा, मी चिडवलंच नाही. विचारा ना काकांना.”

“पुन्हा उलट उत्तर?”

बाबांचा हात वर गेला. लिफ्टमनला तो दिसला. ‘मारू नका’, दोनच शब्द म्हणायचे होते. पण त्याचं घोडं नेमकं ‘म’शीच अडायचं.

“म... म... म...”

ओठ आवळले गेले. मान ताठरली. गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या. तो हात मध्ये घालायलाही विसरला, सगळा जीव त्या एका अक्षरात अडकला होता. “...नका,” असं शेवटी बाहेर पडलं, तेव्हा चापट वाजून गेली होती.

“बघ!” बाबा मुलीला म्हणाले. “बघ, काकांना किती लागलंय ते. शब्द फुटत नाहीये त्यांच्या तोंडून.”

चिंगीनं वर पाहिलं. लिफ्टमनचे ओठ अजून थरथरत होते. त्याचे डोळे भरले होते आणि तो जोरजोरात मान हलवत होता. नाही, नाही, नाही. ते नाही कशाला, हे त्या वयाच्या पोरीला कसं कळावं?

“सॉरी, काका,” ती म्हणाली. “मी पुन्हा तुमची नक्कल करणार नाही.”

“असे बाप पाहिजेत,” म्हणत बाई उतरल्या.

सातव्या मजल्यावर बाबांनी लिफ्टमनच्या खांद्यावर हात ठेवला. “मनावर घेऊ नका. लहान आहे. पण आत्ताच वळण लागलं तर लागतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी एकटीच लिफ्टमध्ये आली. नजर बुटांवर. “गुड मॉर्निंग, काका,” ती पाठ केल्यासारखं म्हणाली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

लिफ्टमननं घरून निघाल्यापासून एक वाक्य घोळवलं होतं. त्यात कुठे ‘म’ येणार नाही, असं बघून बांधलं होतं. कामावर येताना रस्त्यात तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा न अडता निघालं होतं. त्यानं लिफ्ट मधेच थांबवली, स्टुलावरून उतरून तो गुडघ्यांवर बसला, तिच्या उंचीएवढा झाला.

“तुझी काही च... च...”

चिंगीचे दोन्ही हात झटकन गालांवर गेले. तिनं डोळे गच्च मिटले, खांदे आवळून घेतले, आणि तो शब्द पुरा व्हायची वाट बघत ती तशीच उभी राहिली.