माणसांतली ऊब

या, जरा जवळ सरकून बसा. थंडीतली गोष्ट आहे, थंडीतच ऐकावी.

घरी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका वहिनींकडे त्यांचे धाकटे दीर रोज संध्याकाळी हजर. आले की घरातल्या एकुलत्या एका हीटरपुढे पाय पसरायचे, वहिनींचीच शाल खांद्यावर ओढायची, चहाचा दुसरा कप मागायचा, आणि मग महाराजांचं काटकसरीवर निरूपण सुरू.

"आम्ही हीटर घेतलाच नाही, वहिनी. उधळपट्टी नुसती. ऊब माणसांत असते, यंत्रात नाही."

वहिनी दाराशी मशीनवर बसलेल्या. फटीतून येणाऱ्या गारठ्यानं बोटं इतकी बधिर झालेली की दोरा सुईत जाता जाईना.

"जाऊबाईंना नाही आणलंत आजही?" त्यांनी विचारलं.

"तिला कसली आणतोय? चार दिवस खोकून खोकून बेजार आहे. पडलीय घरात एकटी," दीर तळवे शेकत म्हणाले. "बिस्किट आहे का हो एखादं?"

वहिनी उठल्या. त्यांनी हीटर बंद केला, वायर गुंडाळली, आणि तो काखेत मारून पायांत चपला सरकवल्या.

"अहो, हा कुठे नेताय?"

"तुमच्या घरी, भावोजी. तिथे माणूस नाही ना कुणी, म्हणून यंत्र नेतेय."

आज पांघरूण ओढताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या खोकणाऱ्या माउलीलाही आठवा, बाबांनो.