चोवीस तास पाऊल ठेवू नये

पावलं पुन्हा उमटली होती. दारापासून तळ्याकडच्या कठड्यापर्यंत, अनवाणी, देवदारी रंगाच्या ओल्या तेलात. परतीची पावलं जातानाच्या पावलांवर पडून सगळं फिसकटलं होतं.

रोंडा कोवाच कमरेवर हात ठेवून बघत राहिली. उजव्या मनगटाला पट्टा होता. बावीस वर्षं ती या तळ्याकाठच्या घरांचे डेक, म्हणजे दारापुढचे लाकडी ओटे, धूत, घासत, त्यांना तेल पाजत आली होती. मनगट आता रात्रभर ठणके.

मंगळवारी तेल लावलं, बुधवारी पावलं. बुधवारी घासून पुन्हा लावलं. आज गुरुवार.

"रकून असणार," घरमालक आर्विड दारातून म्हणाला. वय ब्याऐंशी, हातात कॉफीचे दोन मग.

"मांजराएवढ्या रकूनला माणसासारखा अंगठा असतो होय?"

"आमच्या तळ्यावरचे रकून शिकलेले आहेत, पोरी."

*सूचना २. तेल लावल्यावर चोवीस तास डेकवर कुणीही पाऊल ठेवू नये.*

हा कागद रोंडा प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायची. आर्विडने तो फ्रिजवर चुंबकाने लावला होता, आणि वाचलाही होता. कारण बुधवारीच त्याने विचारलं होतं, "कागदात लिहिलंय तसं हे कातडीवरून खरंच खायच्या तेलाने जातं?"

"जातं. चोळायचं मात्र भरपूर."

त्याचे हात तेव्हा स्वच्छ होते. रोंडाच्या ते लक्षात आलं, पण तिने विचारलं नाही.

तिला कळून चुकलं होतं. असली माणसं तिने पाहिली होती. पलीकडच्या गावातला एक विधुर एकच खिळा वर आला म्हणून तिला तीनदा बोलवायचा. आर्विडचंही तेच. रोज रुबार्बच्या आंबट देठांचा केक, रोज कॉफी, रोज "बस की जरा". तेल सुकलं की रोंडा जाणार. म्हणून तेल सुकत नव्हतं.

"एल्ना कशी आहे?" तिने केक तोंडात टाकत त्याच्या बायकोबद्दल विचारलं.

"पडून असते. मार्चात तळ्यावरच्या बर्फात चालत गेली होती ना, तेव्हा कॅरिनने विसराळू म्हाताऱ्यांचा तो कुलूपवाला वॉर्ड बघून ठेवला होता. आता अंथरूणच सोडत नाही, म्हणून लेक गप्प आहे." त्याने मग खाली ठेवला. "बासष्ट वर्षं झाली लग्नाला. अजून घोरते."

"तुम्हाला ऐकू येतं?"

"कानातलं यंत्र काढलं की नाही येत. संसार टिकवायचा तर यंत्र काढावं."

रोंडा हसली. मग गुडघे टेकून घासायला लागली. आर्विडने तिच्याकडे लांब स्क्रू मागितले, चार. दाराला वरच्या बाजूला नवी कडी लावायची होती.

"रकूनसाठी?"

"त्यांचा काही भरवसा नाही."

तिने स्क्रू दिले. जाताना म्हणाली, "आर्विड, उद्या कॅरिन येणार. माझी निम्मी उन्हाळी कामं तिच्या शब्दावर चालतात, माहीत आहे ना? ती सांभाळते त्या दक्षिण काठाच्या भाड्याच्या कॅबिनचं काम ती मला देणार आहे. हे मनगट घेऊन मी चौथ्यांदा नाही घासू शकत."

"नाही, नाही. आज नाही," तो म्हणाला. विनोद न करता.

*सूचना ५. काम बिघडल्यास कृपया खरं कारण सांगावं. आम्ही रागावत नाही.*

शुक्रवारी रोंडा पोचली तेव्हा कॅरिन आधीच कठड्याशी उभी होती. तिच्यासमोर पावलं. दाराची नवी कडी एका स्क्रूवर लोंबत होती. चौकटीचं लाकूड कुजकं, त्याने बाकीचे धरलेच नव्हते.

"बाबा, हे काय?" कॅरिन म्हणाली. "तुम्ही चाललात यावर?"

आर्विडने रोंडाकडे पाहिलं, मग खाली. रात्रभर जागल्यासारखे डोळे. बाप लेकीसमोर इतका लहान झालेला रोंडाला बघवेना. एकटेपणाची काय एवढी लाज?

"यावर मी चालले होते," ती म्हणाली.

"तू?"

"काल संध्याकाळी पुन्हा आले होते. सुकलं का बघायला. बुटांचे ओरखडे पडतात, म्हणून अनवाणी."

"बावीस वर्षांचा अनुभव असून?"

"वय झालं, कॅरिन."

कॅरिनने पावलांकडे पाहिलं, मग रोंडाच्या पायांकडे. "हो, तुझ्या मापाची तर आहेत." तिने मोबाईल काढला, परत खिशात ठेवला. "त्या दक्षिण काठाच्या कॅबिनचं... मी तुला कळवते. बघू."

म्हणजे नाही. रोंडाने मान हलवली. आर्विड केव्हाच आत गेला होता. साधं थँक्यूसुद्धा नाही. म्हातारा लाजला असेल, तिने स्वतःची समजूत घातली.

बादली उचलायला ती वाकली, तेव्हा तिचा बूट एका पावलाशेजारी पडला. तिचा बूट सहा नंबरचा, पाऊलही तेवढंच. दाराशी ठेवलेले आर्विडचे बूट होडीएवढे.



कठड्यावर राहिलेला कालचा कॉफीचा मग परत द्यायच्या निमित्ताने ती आत गेली. कॅरिन बाहेर फोनवर बोलत होती. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून खायच्या मक्याच्या तेलाचा वास येत होता. फटीतून तिला आर्विडची पाठ दिसली. तो पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसून, चिंधी बुडवून बुडवून, एल्नाचे देवदारी रंगाने माखलेले तळवे घाईघाईने पुसत होता.