आधी ऊब

"तोंड उघड रे राजा, उघड!"

अम्मारने पिल्लाचा जबडा चिमटीत धरला आणि सिरिंजमधलं दूध आत ढकललं. अर्धं त्याच्याच मनगटावरून ओघळलं. मांजरीचं ते पिल्लू खोकलं आणि मान टाकून त्याच्या मुठीत लोळलं. हाताला ते ओल्या मोज्यासारखं गार लागत होतं.

सकाळी ट्युनिसियातल्या बिझर्त बंदराच्या धक्क्यावर मासळीच्या पेट्यांमागे ते त्याला सापडलं होतं. आईचा पत्ता नव्हता. पोरीचं मन रमेल म्हणून त्याने ते कोटाच्या खिशात घालून घरी आणलं. पोरगी म्हणजे सलवा. गेल्या आठवड्यात ती सफाक्सहून, सासरहून, एका पिशवीनिशी आली आणि तेव्हापासून आतल्या खोलीत बसून होती. का आलीस, भांडलात का, नवऱ्याने काही केलं का, अम्मार रोज विचारी. ती भिंतीकडे बघे. लबलाबीची, हरभऱ्याच्या गरम रश्श्याची वाटी त्याने पुढे करावी आणि तिने दोन घास खाऊन ती बाजूला सरकवावी.

अम्मारला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. उभी हयात त्याने बंदरात टगबोट चालवली होती. जहाज अडलं की दोर टाकायचा आणि ओढायचं. तसाच काल त्याने जावयाला, नौफलला, फोन करून टाकला. "उद्या संध्याकाळी ये आणि घेऊन जा तिला. काय असेल ते आपसात मिटवा." सलवाला हे सांगायचं धाडस मात्र होत नव्हतं. दुपारपासून तो तिच्या खोलीपर्यंत जाई, घसा खाकरी आणि परत स्वयंपाकघरात पिल्लाकडे येई.

पिल्लाने डोळे मिटले तसा अम्मारचा धीर सुटला. त्याला टोपीत घालून तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जवळजवळ पळतच गेला.

"काय पाजलंत?" पिल्लाच्या पोटाला बोटं लावत त्यांनी विचारलं.

"गाईचं दूध. घेतच नव्हतं, म्हणून जबरदस्तीनं घातलं."

"अहो काका, मारताय की काय त्याला! गाईच्या दुधानं जुलाब लागतील ते वेगळंच. पण हे बर्फ झालंय. अंग गार पडलं की पोट चालत नाही. घातलेलं आत तसंच पडून राहतं, नाहीतर छातीत जातं. आधी ऊब. मग दूध." त्यांनी पिल्लांच्या दुधाच्या भुकटीचा डबा पुढे केला. "आणि पाजताना पालथं धरा, आईखाली पितात तसं. उताणं नाही."

"ऊब आल्यावरही नाही घेतलं तर?"

"आपणहून मागेल. तोवर कोंबायचं नाही, हलवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. जमेल का तुम्हाला?"

"न जमायला काय झालं!" म्हणत अम्मार निघाला आणि वाटभर टोपीत डोकावत घरी आला.

गरम पाण्याची बाटली त्याने जुन्या मफलरमध्ये गुंडाळली, खोक्यात ठेवली, तिला लगटून पिल्लू ठेवलं आणि खोकं शेगडीजवळ सरकवलं. मग करायला काही उरलं नाही. तो बसला. उठला. वाऱ्याने वाजणारी खिडकी लावून घेतली, पुन्हा बसला. नौफल एव्हाना ट्युनिस ओलांडून पुढे आला असेल. हात शिवशिवायला लागले तसे त्याने ते काखेत दाबून धरले. सलवा आल्यापासून पहिल्यांदाच घरात कुणी काही विचारत नव्हतं.

आतलं दार उघडलं. सलवा येऊन खोक्यापाशी बसली. तिने पिल्लू हळूच उचललं आणि स्वेटरच्या आत छातीशी धरलं. अम्मारच्या ओठांवर प्रश्न आले. ते त्याने गिळले आणि निखारे सारखे करत बसला.

बऱ्याच वेळाने स्वेटरच्या आत काहीतरी वळवळलं. पाठोपाठ बारीक, चिडका आवाज आला.

"बाबा, भूक लागलीय याला."

त्याने दूध कालवून कोमट करून दिलं. तिने पालथं धरून पाजलं. सिरिंजला पुढचे दोन्ही पंजे लावून पिल्लू चुटूचुटू ओढू लागलं. त्याच्यावरची नजर न काढता सलवा बोलायला लागली.

"तो मारत नव्हता, बाबा. आवाजसुद्धा चढवत नव्हता. कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायचा, एवढंच. म्हणायचा, तुला बाहेर काय काम? मी आधी हसण्यावारी नेलं. मग गेल्या आठवड्यात खालच्या घरात आग लागली. जिन्यातून लोक ओरडत पळत होते आणि मी आतून दार बडवत होते. धूर माझ्या घरात भरत होता. आग विझली म्हणून वाचले. संध्याकाळी तो आला, कुलूप काढलं आणि म्हणाला, जेवायला काय केलंयस?"

अम्मारने निखाऱ्यांचा चिमटा खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला तेव्हा निघाले."

तेवढ्यात बाहेरच्या दारावर थाप पडली. "काका! मी नौफल!"

सलवाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बापाकडे बघितलं.

"मीच बोलावलं त्याला," अम्मार म्हणाला. तो उठला आणि त्याने कोट चढवला. "तू पाज. पोट भरू दे त्याचं."

दारात नौफल इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता. हातात मिठाईचा पुडा, चेहऱ्यावर हसू. "तयार आहे ना ती?"

अम्मार बाहेर आला. दार त्याने पाठीमागे ओढून घेतलं आणि मान वळवून आत हाक दिली, "सलवा, आतून कडी लाव."

कडी सरकल्याचा आवाज आला, तेव्हाच तो जावयाकडे वळला.

"चल, सफाक्सची शेवटची गाडी जायच्या आत तुला अड्ड्यावर सोडतो."